नचिकेतानं परत केलेलं गाणं

फाटा म्हणजे रस्ता जिथे दुभंगतो ती जागा. गाव आत राहतं, फाटा रस्त्यावर बसतो, आणि बघता बघता फाट्याची वस्ती गावाला मागे टाकते. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातला वारंगा फाटा असाच. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी करत नांदेड-देगलूरकडे उतरणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि यवतमाळ, उमरखेड, हदगावकडून येऊन नांदेड-लातूरमार्गे तुळजापूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथे एकत्र येतात. इथल्या खिचडीचं नाव नांदेड-हिंगोली पट्ट्यातले प्रवासी आवर्जून घेतात. ज्याला भूक लागली आहे, गाडी बदलायची आहे, टायरमधली हवा बघायची आहे, त्याच्यासाठी फाटा कायम सज्ज असतो. ज्याला यातलं काहीच करायचं नाही, नुसतं चार माणसांत बसून संध्याकाळ घालवायची आहे, त्याच्यासाठी मात्र फाट्यावर जागा नसते. तो तिथलाच रहिवासी असला तरी नसते. हॉटेलातल्या बाकड्यावर बसायचं तर चहा मागवावा लागतो, आणि चहा संपला की उठावं लागतं.

महाराष्ट्रभर अशा वाढत्या ठिकाणांपुढे आता एक नवा प्रश्न आहे. दुकानं झाली, दवाखाने झाले, शिकवण्या झाल्या. आता करमणुकीचं काहीतरी हवं. बाग, खाऊगल्ली, मुलांची खेळणी, सभागृह, जमलं तर सिनेमाचा पडदा. हे ठरवायचं कसं, तर रहिवाशांना विचारून. त्यांच्या आवडी नोंदवाव्यात, मोजाव्यात, ज्यासाठी जास्त हात वर होतील ते आधी बांधावं. लोकशाहीत याहून सरळ वाट कोणती, असं कुणालाही वाटेल. मला ही वाट अपुरी वाटते, आणि तिचं अपुरेपण नगररचनेच्या हिशेबांपेक्षा आपल्या धर्मविचारात जास्त स्वच्छ दिसतं. विचारायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आवड ही झाडाला लगडलेल्या चिंचांसारखी आधीच तयार असते आणि आपण फक्त मोजायची असते, असं धरून चाललं की घोळ होतो. ज्यांच्या वाट्याला विरंगुळा कधी आलाच नाही त्यांची मोजणी शून्य येते, आणि आराखडा ते शून्य खरं मानून पुढे सरकतो.

तुला काय हवं, हाच प्रश्न कठोपनिषदात यम नचिकेत नावाच्या पोराला विचारतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मृत्यूनंतर काय उरतं, हे त्या पोराला जाणून घ्यायचं आहे. यम तो विषय टाळतो आणि म्हणतो, दुसरं काहीही माग. शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, गाई, हत्ती, घोडे, सोनं माग, जमीन माग. मर्त्यलोकात जे जे मिळायला दुर्मीळ आहे ते मनाला येईल तसं माग. आणि मग तो रथ, वाद्यं, गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया असं सगळं नचिकेतापुढे मांडतो. अट एकच: तो मूळ प्रश्न विचारू नकोस. नचिकेत हे सारं परत करतो. ही सुखं उद्यापर्यंतची आहेत, ती इंद्रियांचं तेज झिजवतात, तेव्हा वाहनं तुझी तुझ्याजवळ राहू देत, नाच-गाणंही तुझ्याचजवळ राहू दे, असं तो सांगतो. त्यानंतर यम श्रेय आणि प्रेय यांतला भेद उलगडतो: हिताचं आणि आवडीचं या दोन्ही वाटा माणसासमोर येतात, आणि निवड त्याला स्वतःला करावी लागते. या प्रसंगाचा नेहमीचा अर्थ वैराग्याचा. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. यमानं दिलेली यादी मोठी आहे, उदार आहे, मागेल ते द्यायची तयारीही खरी आहे, तरीही ती नचिकेताची नाही. ती यमानं आधीच तयार ठेवलेली यादी आहे. रहिवाशांपुढे ठेवला जाणारा आवडीनिवडीचा तक्ता कितीही लांबलचक असला तरी त्यातले रकाने कुणी दुसऱ्यानं आखलेले असतात. कारंजं हवं की झोके हवेत, एवढाच पर्याय उरतो. कागदावर नसलेली गोष्ट मागणारा नचिकेत शंभरात एखादा.

उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय होतं? अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखवून दिलं आहे की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच कातरून घेतो. जे मिळणार नाही ते मागायचं नाही, आणि पुढे पुढे ते हवंसंही वाटू द्यायचं नाही. जगण्याचीच ती एक युक्ती असते. नॉर्वेचे विचारवंत यॉन एल्स्टर यांनी १९८३ साली याच विषयावरच्या पुस्तकाला कोल्ह्याला आंबट लागलेल्या द्राक्षांचं नाव दिलं. आपल्याकडे हे बायकांच्या तोंडच्या एका वाक्यात रोज ऐकू येतं: आम्हाला मेलं काय हवं, पोरांचं बघा. या वाक्यात समाधान आहे असं मानून नोंद करणारा माणूस अप्रामाणिक नसेल, पण तो चुकीची नोंद करतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामात घालवतात असं आढळलं. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटं आहे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं घटली, मधलं अंतर मात्र जवळपास तसंच राहिलं. आता फाट्यावरची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. हॉटेलच्या बाकड्यांवर पुरुष बसलेले, काचेच्या ग्लासात अर्धा चहा, कुणाच्या हातात मोबाइल. एसटीची वाट बघणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला पिशवी पायांत धरून उभ्या. बाकडं मोकळं असलं तरी त्या बसत नाहीत, आणि त्यांना बसायला कुणी मनाई केलेली नसते. बाकडं बायकांचं नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, एवढंच. यांच्यापैकी एखादीला विचारलं की करमणुकीसाठी काय हवं, तर ती बाकडं सांगणार नाही. बाकडं ही मागायची गोष्ट आहे असं तिच्या मनातही आलेलं नसतं.

आवड घडते, आणि घडवणारी परिस्थिती आधी बघावी लागते, हा विचार मराठी माणसाला नवा वाटू नये. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तिच्या शेवटच्या मागण्यात ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो ही इच्छा आहे. पसायदानातला हा भाग आपण कार्यक्रमांत, निमंत्रणपत्रिकांत, भाषणांत सतत वापरतो, आणि त्याच्या आधी काय मागितलं आहे ते सोयीनं विसरतो. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो, जीवाजीवांत मैत्र जडो, असं मागणं आहे. त्यानंतर अंधार दूर होण्याची, स्वधर्माचा सूर्य उगवण्याची गोष्ट, आणि मग प्रत्येकाच्या इच्छापूर्तीची. मला या क्रमाचं फार महत्त्व वाटतं. इच्छापूर्ती ज्ञानेश्वरांनी नाकारलेली नाही, उलट ती सगळ्यांसाठी मागितली आहे, भेद न करता. पण गोडी लागणं ही वेगळी क्रिया आहे आणि ती आधी आहे, हे त्यांनी ओळखलं. गोडी लागावी लागते, हा आपल्या भाषेतला वाक्प्रयोगच सांगतो की आवड ही बाहेरच्या कशाशी तरी संबंध आल्याखेरीज जन्मत नाही.

इथे एक मोठा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. लोकांची आवड घडायची बाकी आहे असं म्हणणारा माणूस पुढच्याच श्वासात ती मी घडवतो असं म्हणेल, ही भीती खरी आहे. शिकलेल्यांनी अशिक्षितांच्या, उच्चवर्णीयांनी बाकीच्यांच्या, शहरानं खेड्याच्या करमणुकीला नाकं मुरडल्याचा इतिहास लांबलचक आहे. तमाशाला अश्लील ठरवून त्याची छाटणी झाली, आणि छाटणाऱ्यांनी त्या कलावंतांच्या पोटाचा विचार क्वचितच केला. सुखांमध्ये उच्च आणि हीन अशी प्रतवारी लावणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलनं दोन्ही प्रकारची सुखं अनुभवलेल्यालाच निवाड्याचा अधिकार दिला. पण मग ज्यांना एकच प्रकार भोगता आला त्यांचं मत बाद होतं. हा धोका टाळायचा असेल तर श्रेय म्हणजे काय ते योजना आखणाऱ्यानं ठरवायचं नाही, हे पक्कं धरायला हवं. त्याचं काम या निवाड्याच्या अलीकडे संपतं. लोकांना काय आवडावं, हे त्यानं सांगू नये. कुणाला कशाची गोडी लागण्याची संधीच मिळालेली नाही, हे मात्र त्यानं शोधलंच पाहिजे. या दोन कामांत फरक आहे आणि तो पाळता येतो. बायकांनी भजन म्हणावं की बॅडमिंटन खेळावं, हे आराखड्यात येऊ नये. संध्याकाळी सातनंतर तिथे दिवा असेल का, स्वच्छतागृह असेल का, परतीची गाडी असेल का, हे आलंच पाहिजे.

भक्तीच्या परंपरेनं नेमकं हेच केलं आणि तेही याच मातीत. नामदेवांचं जन्मस्थान परंपरेनं हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानलं जातं, जन्मवर्ष १२७०. नचिकेतानं यमाला परत केलेलं नाच-गाणं नामदेवांनी उचललं आणि कीर्तनात उभं केलं. उपनिषदात जे प्रेयाच्या पारड्यात होतं ते श्रेयाची वाट झालं. विषय बदलला होता, आणि मुख्य म्हणजे आता कुणी कुणापुढे नाचत नव्हतं, सगळे एकत्र नाचत होते. पुढे पैठणच्या एकनाथांनी जोगवा, गोंधळ, जोशी, वासुदेव, विंचू अशी लोकांच्या रोजच्या पाहण्यातली सोंगं घेऊन भारुडं रचली. त्यांनी लोकांची आवड जशी होती तशी मोजून तीच पुन्हा लोकांच्या पदरात टाकली नाही, किंवा ती हलकी म्हणून फेकलीही नाही. ती ओळखीची होती म्हणून तिच्यात शिरले आणि आतून तिला पुढे नेलं. या दोन टोकांच्या मधली ही जागा आपल्या नियोजनाला अजून सापडलेली नाही.

औंढा नागनाथ इथली कथा या संदर्भात पुन्हा वाचावी अशी आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना जातीवरून हटवलं गेलं, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्या दिशेनं फिरलं, असं सांगतात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख येतो. चमत्कार घडला की नाही, हा माझा मुद्दा नाही. कथेला काय म्हणायचं आहे, ते बघू. देवळाला एक दर्शनी बाजू होती, ती आखीव होती, तिथे कुणी उभं राहायचं हे ठरलेलं होतं. ज्यांना तिथे जागा नव्हती ते मागच्या अंगाला जमले. आणि कथेनं न्याय केला तो असा की त्यांना समोर आणून बसवलं नाही. वास्तूलाच त्यांच्याकडे तोंड करायला लावलं. नियोजनाबद्दल याहून नेमकं वाक्य मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही. दर्शनी बाजू कोणती हे बांधणाऱ्यानं ठरवलेलं असतं. हटवलेली माणसं कुठे जमली आहेत ते पाहून ती बदलता येते.

दुसरा आक्षेप कोरडवाहू शेताच्या बांधावरून येतो. सोयाबीनला भाव नाही, उन्हाळ्यात पाण्याची ओढ, पोरांना नोकरी नाही, आणि तुम्ही करमणुकीच्या जागेचं काय घेऊन बसलात? या प्रश्नातला राग रास्त आहे. तरीही त्यातली मांडणी मला मान्य नाही, आणि ती न पटण्याचं सर्वांत भक्कम कारण बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेवलं आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात ते यंत्राची बाजू घेतात ती याच मुद्द्यावर. पशू आणि माणूस यांच्यात फरक करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते. आणि पोटासाठी दिवसभर राबवून घेणारी व्यवस्था बहुसंख्यांची फुरसत हिरावून त्यांचं माणूसपणच काढून घेते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. जुन्या व्यवस्थेत फुरसत मूठभरांच्या मालकीची होती आणि ज्ञान त्यांच्याच घरी राहिलं, ही त्याची दुसरी बाजू. तेव्हा विरंगुळा हा पोट भरल्यानंतरचा विषय आहे असं गरिबाला सांगणं म्हणजे आधी तुझं माणूसपण थांबव, मग बघू, असं सांगणं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत हा हक्क म्हणून लिहिला गेला, तो उगाच नव्हे. भाव हवा, पाणी हवं. आणि हळदीच्या ढिगांतून संध्याकाळी बाहेर पडलेल्या मजूर बाईला पाय सोडून बसायला जागाही हवी. यातलं एक दुसऱ्याच्या आड येत नाही.

धार्मिक माणसाचा आक्षेप वेगळा. मनोरंजनाच्या नावाखाली व्यसन येईल, देवाधर्माची जागा बाजार घेईल. पण आपल्या भागात देव आणि बाजार, पूजा आणि खेळ इतके वेगळे कधी होते? याच ३६१ क्रमांकाच्या रस्त्यानं नांदेडच्या पुढे गेलं की लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. पालखी, घोड्या-गाढवांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणी हे सगळं एकाच माळावर, एकाच देवाच्या नावानं. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांचा. रामलीला मैदानावर रावणदहन असतं आणि त्याच्या भोवती प्रदर्शन, पाळणे, खाण्याची दुकानं. आषाढीला निघालेल्या नामदेवांच्या पालखीचं रिंगणही याच मैदानात होतं. वारकरी तिथे फुगड्या घालतात, पावली खेळतात, आणि त्या खेळाला कुणी करमणूक म्हणून कमी लेखत नाही. या मैदानाकडे जरा जवळून पाहायला हवं. ते एकाच कामासाठी बांधलेलं नाही, म्हणूनच त्याच्यात रावणही मावतो आणि वारीही. वर्षाचे बरेच दिवस ते मोकळं असतं. त्याच जागी उद्या कुणी रहिवाशांच्या आवडीनुसार पक्कं संकुल उभारलं, तर आजची आवड सिमेंटमध्ये थिजेल आणि उद्याच्या आवडीला जन्मायला जागा उरणार नाही.

व्यापाराचा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. करमणुकीच्या पट्ट्यानं गिऱ्हाईक येईल, रोजगार होईल, हे खरं. पण महामार्गावर ज्याच्यासाठी हे उभं राहील तो वाटसरू आहे, आणि त्याची आवड वीस मिनिटांची असते. फाटा आधीच त्याच्या आवडीनं बांधला गेला आहे. त्याला आणखी सजवणं म्हणजे रहिवाशांसाठी काही करणं नव्हे.

मोकळं मैदान ठेवलं तर त्यावर अतिक्रमण होईल, हा आक्षेप मात्र मला हटवता येत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावं लागतं. लोक तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. कित्येक ठिकाणी त्या ओपन स्पेसवर आधी एक ओटा येतो, मग ओट्यावर देव, मग देवावर पत्रा, मग सभामंडप आणि कुलूप. देवाच्या नावानं जागा वाचली असं काहींना वाटतं, आणि काही वेळा ती खरंच वाचतेही. पण कुलूप लागलं की औंढ्याच्या कथेतलं देऊळ पुन्हा उलटं फिरलं. रिकामी जागा राखणं हे बांधकामाहून कठीण काम आहे. त्याला रोजचा झाडूवाला, दिवाबत्तीचा खर्च आणि नाही म्हणू शकणारी माणसं लागतात. हा खर्च करमणुकीच्या अंदाजपत्रकात क्वचित दिसतो, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

वारंगा कायद्याच्या लेखी गाव आहे, तेव्हा निर्णयाची जागा ग्रामसभा. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीनं वाचनालयं, सांस्कृतिक कार्य, बाजार आणि जत्रा हे विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगे मानले आहेत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे तुम्हाला करमणुकीसाठी काय हवं, असं विचारलं तर पोरांचं बघा हेच उत्तर येणार. त्याऐवजी काल संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही कुठे होतात, कुणाबरोबर होतात, आणि बाहेर पडला असतात तर कुठवर जाता आलं असतं, असं विचारावं. उत्तरं आधी तुटक येतील. कुणी चूल सांगेल, कुणी गोठा, कुणी सासूचं दुखणं, कुणी फाट्यावर शेवटच्या एसटीसाठी उभी होते असं सांगेल. ती उत्तरं तशीच, दुरुस्त न करता, रजिस्टरात उतरवावीत, आणि जागेचा नकाशा त्यानंतर काढायला घ्यावा.